ऊन आलं, चाल खाली

पहिलं दार उघडलं की कोट-बूट काढायची जागा. दुसरं दार उघडलं की उन्हाळा.

बाहेर उणे १७ अंश होतं. बसथांब्यावर दहा मिनिटं उभी राहिले तेवढ्यात पापण्यांवर श्वासाची वाफ गोठून पांढरे कण बसले होते. उजवा खांदा सात महिन्यांपासून आखडलेला, थंडीने तो आणखी आवळून कानाकडे सरकला होता. कोट काढला, स्वेटर काढला, आतलं थर्मल काढलं, दोन जोड मोजे काढले, चटई बगलेत मारली आणि दुसरं दार ढकललं. तोंडावर मे महिना आला. अकोल्याचा मे. भर दुपारी दोनला कुणी कडी वाजवावी, आपण दार उघडावं आणि माणूस दिसायच्या आधी झळ आत शिरावी, तसा. मी उंबऱ्यातच उभी राहिले. मागून आलेल्या मुलीने हळूच वाट मागितली तेव्हा भानावर आले.

टोरांटोत येऊन मला तेव्हा तेरा वर्षं झाली होती. घरी जाणं व्हायचं ते डिसेंबरात, मुलाच्या शाळेला नाताळची सुट्टी लागली की. किंवा मग जुलै-ऑगस्टात, म्हणजे अकोल्यात पावसाळा लागल्यावर. तेरा वर्षांत एकदाही मी आमच्या गावचा उन्हाळा बघितला नव्हता. त्याची आपल्याला आठवण येते, हे मला त्या दारात उभी राहीपर्यंत माहीत नव्हतं. उन्हाळ्याची कोणी आठवण काढतं का? अकोल्यात होळी झाली की माणसं एकमेकांना भेटल्या भेटल्या उन्हाविषयीच बोलतात, पण ते सारं गाऱ्हाणं असतं.

गेले होते खांद्यासाठी. फ्रोझन शोल्डर. वेणी घालता येत नव्हती, वरच्या फळीवरचा डबा काढता येत नव्हता, रात्री त्या कुशीवर वळलं की कळ येऊन जाग. शेकल्यावर तासभर बरं वाटायचं. ऑफिसातली एक मैत्रीण दोन वर्षं हॉट योगाला जात होती. ती म्हणाली, शेकल्यावर तुझा हात सुटतो ना, मग सगळं अंगच शेकेल अशा ठिकाणी चल.

योग मला नवा नव्हता. पुण्यात शिकायला होते तेव्हा एका बाईंच्या घरी अय्यंगार पद्धतीचा वर्ग चालायचा, तिथे तीन वर्षं गेले. भिंतीला दोर, कोपऱ्यात लाकडी विटा, पट्टे, लोड, घडीच्या लोखंडी खुर्च्या. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्याला शिकवायला आले आणि २०१४ मध्ये तिथेच गेले. मधल्या एवढ्या वर्षांत त्यांनी जी रीत घडवली, ती आमच्या बाईंच्या तोंडी एका वाक्यात असायची: हात जमिनीला पोचत नाही ना, मग जमीन हाताकडे आणा. म्हणजे हाताखाली वीट ठेवा. तिथे अंग सैल व्हायचं ते आधार देऊन आणि वेळ देऊन. खोली किती गरम असावी हा विषय त्या तीन वर्षांत एकदाही निघाला नाही.

इथे सगळ्याची सुरुवातच त्या विषयाने होते. जुन्या पद्धतीच्या हॉट योगाचे आकडे ठरलेले आहेत: खोलीत १०५ फॅरनहाइट, म्हणजे आपले ४०.६ अंश, हवेत ४० टक्के आर्द्रता, दीड तास, २६ क्रियांचा ठरलेला क्रम, सुरुवातीला प्राणायाम आणि शेवटी कपालभाती, बहुतेक आसनं दोनदोनदा. समोरच्या भिंतीला छतापर्यंत आरसा. वर हीटरची घरघर.

शिक्षिका यायला पाच मिनिटं होती. सगळे पाठीवर पडून होते, मीही पडले. आणि काहीही न करता, नुसत्या पडल्या पडल्या घाम फुटला. आधी वरच्या ओठावर, मग गळ्याच्या खाचेत, मग गुडघ्यांच्या मागे. हा मला अनोळखी घाम होता. अकोल्यात मे महिन्यात ४४-४५ अंशांत घाम दिसतच नाही. हवा इतकी ठणठणीत कोरडी की घाम अंगावर येतो आणि थेंब होण्याआधी उडून जातो. संध्याकाळी ब्लाउजच्या पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा तेवढ्या राहतात. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर आमच्याकडे चालतो तोही याच कारणाने. तोच कूलर मुंबईत लावला तर नुसता ओलावा वाढतो. शरीराचं तसंच आहे. घाम आल्याने अंग निवत नाही, घाम वाळल्याने निवतं. त्या खोलीत निम्मा घाम वाळायच्या आधीच टपकतो आणि टपकलेल्या घामाचा शरीराला काही उपयोग नाही. अमेरिकेच्या हवामान खात्याचा एक तक्ता आहे, तापमान आणि आर्द्रता मिळून अंगाला किती जाणवतं ते सांगणारा. त्यात ४०.६ अंश आणि ४० टक्के आर्द्रता यांचा मेळ घातला तर जाणवणारं तापमान ५०च्या घरात जातं. म्हणजे आकडा अकोल्याहून कमी आणि अंगावरचा भार जास्त.

हे मी नंतर वाचलं. पहिल्या दिवशी मनात एवढंच होतं, आपण वऱ्हाडातल्या, आपल्याला काय होतंय.

पहिले तीन वर्ग छान गेले. तिसऱ्या दिवशी अर्धचंद्रासनात दोन्ही हात डोक्यावर जोडताना उजवा हात कानाच्या बराच वर गेला आणि मला आरशात बघून भरून आलं. चौथ्या वेळी संकष्टी होती. दुपारी वाटीभर साबुदाण्याची खिचडी खाल्लेली, त्यावर दोन कप चहा, आणि बर्फामुळे बस रखडल्याने धावतपळत पोचले. त्या वर्गाचे नियम होते. पहिला पाण्याचा घोट गरुडासनानंतरच. वर्ग संपेपर्यंत खोलीबाहेर जायचं नाही. वाटलं तर चटईवर बसा, असं एकदा सांगायचे खरे, पण कुणी बसलं की आरशातून सगळ्यांच्या नजरा तिकडे जायच्या आणि शिकवणारा माणूस आवाज चढवून हुरूप द्यायला लागायचा. गरुडासन झालं, पाणी प्यायले. पुढचं दंडायमान जानुशिरासन, एका पायावर उभं राहून दुसरा पाय समोर धरायचा. माझ्या कानांत रातकिडे बोलायला लागले. आरशातल्या बाईचा चेहरा कडेकडेने काळा होत गेला. मी बसायला वाकले तर त्या दिवशी शिकवणारा माणूस म्हणाला, तुम्ही तर भारतातून आलात, तुम्हाला हे जमायलाच हवं.

मी उभी राहिले.

तेव्हा अंगात काय चाललं होतं ते आता मला माहीत आहे. आतली उष्णता बाहेर टाकायला शरीर रक्त कातडीकडे पाठवतं, तिथल्या नसा रुंदावतात, रक्तदाब उतरतो, हृदय धावून धावून तो सावरू बघतं. त्यात उपाशी पोट, अंगातलं मीठ-पाणी गेलेलं आणि उभं राहणं, तेही एका पायावर. मेंदूला रक्त कमी पडलं की तो एकच गोष्ट मागतो: आडवं हो. भोवळ येते ती त्यासाठी. ती मागणी मी तासभर नाकारली. उष्ट्रासनात मान मागे टाकली तेव्हा पोट तोंडाशी आलं. वर्ग संपल्यावर न्हाणीघरात ओकले आणि बाकावर भिंतीला टेकून बसून राहिले, कारण ओल्या केसांनी त्या थंडीत बाहेर पडायची ताकद नव्हती. नवरा गाडी घेऊन आला. रात्रभर डोकं ठणकत होतं. त्याने लिंबू, साखर, मीठ घालून तांब्याभर पाणी केलं आणि घोट घोट पाजलं.

दुसऱ्या दिवशी आईला फोनवर सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आजी असती तर चांगली बोलली असती तुला."

बोललीच असती. आजीला उन्हाचा जन्मभराचा अभ्यास होता. शेतात राबलेली बाई. तिच्या हिशेबात उन्हाळा एकदम अंगावर घ्यायची गोष्ट नव्हती. पाडव्यापासून ती आम्हाला रोज थोडं थोडं उन्हात जाऊ द्यायची, आणि अक्षय्य तृतीया झाली की अकरा ते पाच दाराला कडी. बाहेर पडायचंच तर डोक्याला दुपट्टा, कान झाकलेले, खिशात कांदा. बाहेरून आलं की लगेच माठाला हात नाही. आधी ओसरीवर बसायचं, घाम निवू द्यायचा, मग गुळाचा खडा, मग पाणी. आणि वाटेत चालताना दर दोन झाडांमागे तिचं एक वाक्य यायचं. "जिवाले इचारत जाय वं पोरी. थकली त बस. उन्हासंग जिद्द नको करू."

जिवाला विचारत जा. तिच्या या सांगण्याला शरीरशास्त्राचा पूर्ण दुजोरा आहे. रोज थोडं थोडं ऊन घेतलं तर एक-दोन आठवड्यांत ते अंगवळणी पडतं, आणि हा शब्द इथे अगदी शब्दशः खरा आहे. घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, तेवढ्याच श्रमाला हृदय कमी धावतं. पण ही कमाई टिकत नाही. काही आठवडे ऊन तुटलं की गेली. मी तेरा वर्षं बर्फात राहून आलेली. अकोला माझ्या पत्त्यात होतं, जिभेवर होतं, अंगात नव्हतं.

त्याच महिन्यात या २६ क्रियांच्या क्रमाचा इतिहास वाचत बसले. त्याचं मूळ कोलकात्याचं. परमहंस योगानंदांचे धाकटे भाऊ बिष्णुचरण घोष यांनी १९२३ साली तिथे व्यायामशाळा काढली. वजनं उचलणं आणि आसनं, दोन्ही शिकवत. बिक्रम चौधरी त्यांचा शिष्य. तो जपानला गेला, तिथून १९७०च्या दशकात अमेरिकेत. खोली तापवायची कल्पना जपानच्या थंडीत निघाली, असं तो सांगत आला. म्हणजे उकाड्याच्या गावातली विद्या थंड मुलुखात गेली आणि तिने आपला उकाडा तिथे बांधून घेतला. मला हे समजू शकतं. आम्हीही बेसमेंटमध्ये दिवे लावून कढीपत्ता जगवतो.

पुढचं वाचून मात्र मन विटलं. हा क्रम माझ्या मालकीचा, असं म्हणून त्याने लोकांवर दावे लावले. २०१५ साली अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने ठरवलं की ही आरोग्याची एक पद्धत आहे, तिच्यावर कॉपीराइट सांगता येत नाही. कित्येक शिष्यांनी त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचे आरोप केले. २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्यूरीने त्याच्या माजी कायदा सल्लागार बाईंच्या बाजूने निकाल देऊन लाखो डॉलरची भरपाई ठरवली, आणि तो अमेरिका सोडून निघून गेला. अनेक वर्गांनी पाटीवरून त्याचं नाव काढून टाकलं. आसनं त्याची नव्हतीच, तेव्हा ती राहिली. पण मला त्या सगळ्यात एक गोष्ट दिसत राहिली. गरम खोली, बंद दार, आणि बाहेर जायचं की नाही हे ठरवणारा दुसराच कुणीतरी. असं दार कुणाच्याही हाती देऊ नये, गुरूच्या तर नाहीच नाही.

पुण्याच्या बाईंनी दिलेली हठयोगप्रदीपिकेची पोथी माझ्यासोबत कॅनडापर्यंत आली होती. ती काढली. पहिल्याच उपदेशात नवशिक्या साधकाने काय टाळावं ते सांगितलंय: अग्नीचं सेवन, प्रवास, उपास, शरीराला क्लेश देणारे विधी. मी संकष्टीच्या दिवशी बर्फातून बसने जाऊन भट्टीत उभी राहिले होते. दुसऱ्या उपदेशात घामाचा श्लोक आहे, 'जलेन श्रमजातेन'. श्रमाने जो घाम येईल तो पुसू नका, अंगालाच चोळा, त्याने शरीर दृढ आणि हलकं होतं. श्रमाने आलेला, असा शब्द आहे. हीटरने आणलेला नाही. हे दोन घाम वेगळे, असं मला त्या रात्री फार लख्ख जाणवलं. घेरंडसंहितेने तर ऋतूही ठरवून दिलेत: योगाला सुरुवात वसंतात करा किंवा शरदात, ग्रीष्मात केलीत तर रोग होईल. या पोथ्या लिहिणारे गार प्रदेशातले नव्हते. त्यांना ऊन माहीत होतं. आजीला अक्षरओळख नव्हती, पण ती त्यांच्याच शाळेतली.

तरीही मी परत गेले. त्या वर्गात नाही, दुसरीकडे, घरापासून चार थांब्यांवर. कारण खांदा सुटत होता, आणि कारण फेब्रुवारी अजून संपला नव्हता. उन्हाची तहान लागते. पाण्यासारखीच लागते. इथल्या हिवाळ्यात पाच महिने जो रंग नाही, जो वास नाही, त्याची पोकळी कशाने तरी भरावी लागते. त्या खोलीच्या उकाड्याला वाळ्याचा वास नव्हता, कैरीचा नव्हता, अंगणात शिंपलेल्या पाण्याचा नव्हता. ओल्या चटयांचा आणि निलगिरी तेलाचा होता. आमची झळ वाहती असते, ही उभी होती. पण तळपायाला लागणारी जमीन ऊन होती, आणि तेवढं मला पुरत होतं.

इथल्या शिक्षिका साठीच्या, पूर्वी नर्स होत्या. पहिल्या दिवशी आम्हा चौघी नव्यांना त्यांनी बाजूला घेतलं आणि उभ्याचं खाली बसायला शिकवलं. खरोखर, तेवढंच. पाय जरा फाकवा, हात मांडीवर, गुडघे वाकवा, एक हात जमिनीला, बसा. डोकं सगळ्यात शेवटी खाली. उठताना डोकं सगळ्यात शेवटी वर. तीनदा करून घेतलं. मग म्हणाल्या, दार उघडं आहे, पाणी तुमचं आहे, आज मला तुम्ही प्रत्येकीने एकदा तरी बसलेलं बघायचंय. मी तिसऱ्या आसनाला बसले. आरशातून कुणीही बघितलं नाही. बसल्या बसल्या श्वास मोजला, वीसपर्यंत आल्यावर तो आपला आपण लांबला, आणि मी उठले.

त्या वर्गात मला घामाकडे बघता आलं. पादहस्तासनात वाकलं की थेंब पाठीवरून कमरेकडे जायच्या ऐवजी उलटा, खांद्याकडे निघतो, खांद्याच्या खळग्यात थांबतो, मानेच्या कडेने कानामागे येतो, आणि तिथून गालावर. नाकाच्या शेंड्यावर लोंबतो. तिथे तो किती वेळ राहतो! आपण श्वास सोडला की हलतो, पडत नाही. हात मोकळे नाहीत, पुसता येत नाही. पुसायचा नाहीच. मग तो टॉवेलवर पडतो आणि टॉवेलच्या धाग्यांत एक गडद ठिपका पसरत जातो. सुरुवातीला हा थेंब मला वेड लावायचा. दोन महिन्यांनी मी त्याची वाट बघायला लागले. तो नाकावर असेपर्यंत मन दुसरीकडे जात नसे.

आणि मधलं शवासन. उभ्याची आसनं संपली की दोन मिनिटं. हृदय कानात वाजत असतं, पाठीखालचा टॉवेल चिंब, छताचा पांढरा रंग वरखाली होतोय असं वाटतं. मग ते वाजणं कानातून गळ्यात उतरतं, गळ्यातून छातीत, आणि पुढे कुठे गेलं ते कळत नाही. पुण्यात मी शवासनात कित्येकदा झोपले होते. इथे झोप येत नाही, उकाडा येऊ देत नाही. जागं राहून निजावं लागतं.

या शवासनात एके दिवशी मला ती बाई आठवली. मी आठ-नऊ वर्षांची असेन. मे महिना. आमच्या घरावरून बाळापूरकडे जाणाऱ्या रस्त्याचं डांबरीकरण चाललं होतं. बायांच्या पायांना पोत्याच्या फडक्यांच्या गुंडाळ्या, वर सुतळी बांधलेली. डांबराच्या डब्याला खालून भोकं, तो दोन्ही हातांनी धरून त्या खडीवर शिंपत चालायच्या. वर ऊन, खाली डांबर. सपाट मुलुखात पारा ४५ला गेला की आपलं हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं. डांबराच्या डब्यापाशी किती असेल ते कुणी मोजलं नाही. आजीने मला कळशी आणि पेला देऊन पाठवलं आणि मागून स्वतः आली. त्या बाईने डबा खाली ठेवला आणि उभ्याने, ओंजळीने पाणी प्यायली. आजी म्हणाली, बस घडीभर सावलीत. ती म्हणाली, "बसली त रोज कापतीन वं माय." आणि डबा उचलला.

त्या दिवशी उरलेला वर्ग मी पडूनच काढला. मी ज्या उकाड्यासाठी महिन्याचे पैसे भरत होते, तो उकाडा तिला फुकट मिळाला होता, आणि मला जी मुभा विकत मिळत होती ती तिला कुठल्याच किमतीला नव्हती. वीटभट्टीवर, पेरणीआधी शेतातली धसकटं वेचायला, आजही बाया असतातच. दुपारी बारा ते चार काम बंद ठेवा, सावली द्या, पाणी द्या, असे फतवे आता दर उन्हाळ्यात निघतात. रोजंदारी न कापता बसायला मिळालं तर त्या फतव्यांना अर्थ. उन्हात माणूस मरतो तो बहुतेकदा बसता न आल्याने मरतो, असं मला वाटतं.

उकाड्याच्या गुणांविषयी पुष्कळ सांगितलं जातं. घामातून शरीरातली विषं निघून जातात, हे तर प्रत्येक वर्गात ऐकू येतं. ते काम यकृत आणि मूत्रपिंडांचं. घामात मुख्यतः पाणी आणि मीठ. २०१८ साली टेक्सासमधल्या संशोधकांनी हाच क्रम काहींकडून ४०.५ अंशांत आणि काहींकडून २३ अंशांत बारा आठवडे करून घेतला; रक्तवाहिन्यांची रुंदावायची क्षमता दोन्हीकडे सुधारली. उकाडा लागला नाही, आसनं पुरली. २०२३ मध्ये बोस्टनच्या अभ्यासात गरम खोलीतल्या योगाने नैराश्य कमी झालेलं दिसलं, पण तिथे तुलना योग न करणाऱ्यांशी होती, गार खोलीतल्या योगाशी नव्हती. तापलेला स्नायू लवकर सैल होतो हे खरं, आणि सैल झालाय म्हणून ताणत सुटलं तर नको तेवढा ताणला जातो हेही खरं. माझा खांदा दहा महिन्यांत मोकळा झाला. डॉक्टर आधीच म्हणाल्या होत्या की हा आजार दोन-तीन वर्षांत आपणहून सुटतो. मला वेणी घालता येते. रक्तदाबाच्या गोळ्या असतील, हृदयाचं काही असेल, दिवस गेलेले असतील, तर त्या खोलीत जाऊ नका, हे मी भेटेल त्या प्रत्येकीला सांगते.

मागच्या वर्षी बाबांची पंच्याहत्तरी मे महिन्यात आली आणि मी चौदा-पंधरा वर्षांनी अकोल्याचा उन्हाळा बघितला. पहिले चार दिवस आईने मला दुपारी उंबरा ओलांडू दिला नाही. पाचव्या दिवशी पहाटे पाचला चटई घेऊन गच्चीवर गेले. तिथे आई आणि मावशी आधीच होत्या. कुरडयांचा घाट होता. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक साडेचारलाच शिजवून झालेला, पातेलं फडक्यात गुंडाळून वर आणलेलं. जुनं धोतर अंथरून मावशी सोऱ्या दाबत होती, बोटं पाण्यात बुडवत, गोल गोल. चीक गरम असतानाच घालायला लागतो, गार झाला की तार तुटते. माझ्याकडे बघून म्हणाली, "कर बाई तुह्यं. आमच्या मधात नको येऊ."

मी कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीच्या कडेला उभी राहिले. प्राणायाम. अर्धचंद्रासन. वारा होता, अगदी हलका, रात्रीचा उरलेला. उत्कटासनात मांड्या थरथरल्या तेव्हा कपाळावर घाम आला आणि तो मी पुसला नाही, तळहाताने दंडावर चोळला. लगेच वाळला. गरुडासन. जानुशिरासन. एक धोतर भरलं, त्यांनी दुसरं अंथरलं. कडुनिंबावर साळुंक्यांचा कलकलाट चालला होता. तुलादंडासनाची उजवी बाजू झाली, डावीसाठी मी वजन पायावर घेतलं, हात पुढे ताणले, आणि त्याच वेळी टाकीमागून ऊन आलं. आधी मनगटावर, मग गालावर. मावशीने सोऱ्या खाली ठेवला, कमरेवर हात देऊन उठली, डोक्यावर पदर ओढला.

"ऊन आलं. चाल खाली."

डावी बाजू राहिली होती. मी पाय खाली घेतला, चटई गुंडाळली. आईने रिकामं पातेलं उचललं, मी पाण्याचा गडवा घेतला आणि तिघी जिना उतरलो. कुरडया तेवढ्या वर राहिल्या.